जिभेवरची साय

यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात कापसाची वेचणी सुरू आहे. शेतावर निघण्याआधी ही बाई ज्वारीची भाकरी वरणात कुस्करते आणि ती पुरती भिजेपर्यंत ताट बाजूला ठेवून देते. पाट्यावर ठेचा वाटलेला आहे, पण तो घरातल्या इतरांसाठी. “आग होते जी तोंडाची,” एवढेच ती सांगते. तिचे नाव आणि चेहरा आम्ही दाखवणार नाही.

तिला एचआयव्हीचा संसर्ग आहे. या विषाणूला रोखणारी एआरटीची औषधे भारतात 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली आणि 2017 मध्ये, सीडी4 पेशींची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची, संख्या कितीही असली तरी, निदान झालेल्या प्रत्येकाला ती देण्याचे धोरण आले. गोळ्यांत खंड पडला नाही तर माणूस वर्षानुवर्षे जगतो, राबतो. तिच्या गोळ्यांत मात्र खंड पडला, कारण वेचणीची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे तिला जमले नाही.

गावात तोंडाच्या या आगीला ‘तोंड आले’ म्हणतात, उष्णतेवर बोट ठेवतात आणि सब्जा भिजत घालतात. डॉक्टरांनी मात्र तिच्या जिभेवरचा, दुधावर साय धरावी तसा पांढरा थर गॉजने पुसला, तेव्हा तो निघून आला आणि खाली लालभडक, हुळहुळी जागा दिसली. ही कॅन्डिडा बुरशी. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे सीडी4 पेशी 200 च्या खाली गेल्या की ती अधिक आढळते. ओठांचे कोपरे चिरतात, तेही अनेकदा या बुरशीमुळेच. जिभेच्या कडेवरचा पांढरा, पुसून न निघणारा चट्टा वेगळा. तो दुसऱ्या एका विषाणूमुळे उमटतो. विदर्भात या ओळखीत आणखी एक गुंता आहे, तो खर्र्याचा: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून दिवसभर गालात धरणाऱ्याच्या तोंडातही पांढरे चट्टे पडतात आणि पुढे तोंड उघडणेही अवघड होते.

दाढ ठणकते, हिरडीतून रक्त येते, लाळ आटल्यामुळे कोरडा घास घशाखाली उतरत नाही. तरी दाताच्या डॉक्टरांकडे जाताना आजार सांगावा की लपवावा, याच विचारात अनेकांचे महिने जातात. वास्तविक हातमोजे आणि अवजारांचे निर्जंतुकीकरण प्रत्येक रुग्णासाठी सारखेच असायला हवे. 2018 च्या सप्टेंबरात लागू झालेल्या एचआयव्ही कायद्याने उपचार नाकारण्यालाही मनाई केली आहे. एका पेल्यातून पाणी प्यायल्याने हा संसर्ग होत नाही, हे ठाऊक असलेल्या घरातही तिचा पेला फळीवर वेगळा दिसतो.

मुखविकारांमुळे जगण्यात काय उणे झाले, हे मोजण्यासाठी 14 प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. बोलताना शब्द अडखळतात का, जेवण अर्धवट सोडावे लागते का, लोकांत ओशाळल्यासारखे होते का, असे ते प्रश्न आहेत. तिने बहुतेकांची उत्तरे मानेनेच दिली. चव कमी झाली का, या प्रश्नावर ती थांबली आणि तिनेच उलट विचारले, ठेचा कधी खाता येईल?

तोंडाच्या औषधाला साधारण 7 ते 14 दिवस लागतील, असे डॉक्टर म्हणाले. एआरटी केंद्रावर मात्र याच आठवड्यात जावे लागेल. ती बोटांवर वेचणीचे उरलेले दिवस मोजू लागली.