प्रशिक्षणानंतरचा सोमवार

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नाशिककर मंडळी, विषय ठरला आहे तो असा : प्रशिक्षण घेऊन आलेला कर्मचारी सुशासन म्हणजे काय समजतो आणि ते कामात कसे उतरवतो. काय करायला हवे हेही मी शेवटी सांगणार आहे. त्याआधी दुखणे नीट पाहू.

सुशासनाची आठ तत्त्वे इथे बऱ्याच जणांना पाठ असतील. लोकसहभाग, कायद्याचे राज्य, पारदर्शकता, प्रतिसादक्षमता, सहमती, समन्याय, परिणामकारकता, उत्तरदायित्व. पायाभूत प्रशिक्षण झालेल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला किंवा महसूल सहायकाला झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेल. पुण्याच्या यशदात, म्हणजे राज्याच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत, हे शिकवतात, जिल्ह्याच्या वर्गात शिकवतात, आता मोबाइलवर आयगॉट कर्मयोगी ह्या सरकारी प्रशिक्षण मंचावरही शिकवतात. शिकवणारे मनापासून शिकवतात आणि शिकणारेही मनापासून शिकतात. वर्ग शुक्रवारी संपतो. सोमवारी माणूस आपल्या टेबलाशी परत येतो आणि तिथे त्याला काय विचारले जाते, त्यावर त्याचे सुशासन ठरते.

त्याला विचारले जाते, फलक लावला का? तो लावतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मधल्या, कार्यालयाने आपणहून जाहीर करायच्या 17 बाबी छापून भिंतीवर लागतात आणि दोन बदल्यांनंतरही त्यावर जुन्याच साहेबांचे नाव असते. त्याला विचारतात, पोर्टलवरच्या तक्रारी शून्यावर आणल्या का? तो प्रत्येकीला लिहितो, 'सदर प्रकरण संबंधित कार्यालयाकडे पाठविण्यात आले आहे', आणि तक्रार निकाली काढतो. रस्त्यावरचे गटार तसेच वाहत असते. ह्यात त्याचे मन वाईट आहे असे मी म्हणणार नाही. आठवड्याच्या बैठकीत वरिष्ठ त्याला आकडा विचारतात, म्हणून उत्तरदायित्वाचे तोंड वरच्या कार्यालयाकडे वळते.

आपल्या गोदाकाठच्या पटांगणाला देवमामलेदार यशवंतराव महाराजांचे नाव आहे. सटाण्याचे हे मामलेदार, म्हणजे आजच्या भाषेत तहसीलदार. दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला आणि लोकांनी त्यांना देव मानले. ते थोरपण वादातीत आहे. पण शासन अशा एका माणसाच्या अंतःकरणावर चालवता येत नाही. आपल्या पंधराही तालुक्यांत साध्या, थकलेल्या, दोन सजांचा, म्हणजे तलाठ्याच्या दोन कार्यक्षेत्रांचा, कार्यभार सांभाळणाऱ्या माणसाकडूनही काम वेळेत व्हायला हवे, अशी रचना लागते. ही माझी आवडती गोष्ट आहे, म्हणून जरा रेंगाळलो.

आता मूळ दुखण्याकडे येतो : त्रुटी हप्त्याहप्त्याने काढणे. वारसनोंदीचेच घ्या. वडील वारले, सातबारावर मुलांची नावे लागली पाहिजेत. अर्ज, मृत्यू दाखला, वारसांची नावे सांगणारे शपथपत्र, आणि आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या जमिनीचा उतारा. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपला तलाठी, स्थानिक चौकशी करून गावनमुना 6-क मध्ये वारस नोंदवतो. मग नमुना 6 मध्ये फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, धरतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी 15 दिवस सोडतो. हरकत आली तर 6-अ मध्ये, म्हणजे वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, नोंद. नाही आली तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. पायऱ्या सरळ आहेत. घोडे अडते ते पहिल्या पायरीआधी.

अर्ज परत येतो : 'मृत्यू दाखला अस्पष्ट'. मुलगा नवा दाखला आणतो. पुन्हा परत : 'शपथपत्रात विवाहित मुलींची नावे नाहीत'. शपथपत्र नवे होते. तिसऱ्यांदा परत : 'आधारवरील व सातबारावरील नाव जुळत नाही'. ह्या तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी त्याच कागदांवर दिसत होत्या. पण कागद वाचताना पहिली चूक सापडली की बोट थांबते, शेरा लिहिला जातो, अर्ज मागे फिरतो. सुरगाण्याच्या पाड्यावरच्या माणसाला तालुक्याचा प्रत्येक फेरा म्हणजे एका दिवसाची मजुरी. निफाडच्या बागायतदाराचे पीककर्ज नाव लागेपर्यंत अडून राहते. विवाहित बहिणींची नावे गाळलेली लक्षातच आली नाहीत, तर पुढे भावाबहिणींत दावा उभा राहतो, तो वेगळाच.

आणि ह्यात कायदा मोडतो का? नीट ऐका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मधला आहे. अधिसूचित सेवा मुदतीत द्यायची, नाहीतर कारण लिहून नाकारायची. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे तेही कळवायचे. पुरेशा कारणाशिवाय चुकला, तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला, 500 ते 5000 रुपये दंड. पण मुदत मोजायची ती 'सर्व बाबतींत परिपूर्ण' अर्ज मिळाल्यापासून. म्हणजे त्रुटी जितक्या हप्त्यांत काढाल, तितके घड्याळ उशिरा सुरू होते. अर्जदार तीन महिने फिरतो आणि नोंदीत सेवा मुदतीत दिलेली दिसते. परत पाठवलेला अर्ज निकाली धरला, तर आकडा आणखी देखणा होतो.

असेच फाईलचे. 2005 च्या बदल्या आणि विलंब प्रतिबंध कायद्यात, ज्याला आपण दप्तरदिरंगाईचा कायदा म्हणतो, कलम 10 सांगते की कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. हे सगळ्यांना पाठ आहे. म्हणून महसूल सहायक ती सहा दिवस ठेवतो, अव्वल कारकून सहा, नायब तहसीलदार सहा, तहसीलदार सहा. चोवीस कामाचे दिवस, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात जवळजवळ पाच आठवडे. कायदा कोणीच मोडला नाही. त्याच कायद्यात फाईल तीनपेक्षा जास्त स्तरांवर फिरवू नये असे कलम 9 मध्ये आहे, त्याची आठवण वर्गातही क्वचित निघते. वर्गात निघाली तरी स्तर कमी करणे महसूल सहायकाच्या हातात नाही, ते साहेबांच्या हातात. आणि प्रशिक्षणाला पाठवतात महसूल सहायकाला!

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटे उरली. कबूल केलेला भाग आता भरभर सांगतो.

प्रशिक्षणाहून आलेल्या माणसाने पहिल्या आठवड्यात एकच काम करावे : टेबलावर सहा गठ्ठे पाडावेत. जुन्या लोकांना ही पद्धत माहीत आहे. काम चालू असलेली प्रकरणे, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी, ठरावीक तारखेला वर पाठवायची नियतकालिक विवरणपत्रे, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची, आणि नष्ट करायची. चुका कुठे होतात तेही सांगतो. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात स्मरणपत्राची तारीख लिहीत नाहीत, त्यामुळे तो गठ्ठा अडगळ होतो. कागद किती काळ जपायचा त्यानुसार अभिलेखाला अ, ब, क, ड वर्ग देत नाहीत, त्यामुळे वर्षभरात फाडायचे कागद तीस वर्षे जपायच्या कागदांत मिसळतात आणि गरजेचा फेरफार सापडत नाही.

दुसरे, प्रत्येक सेवेची तपासणी सूची. एक पान. सर्व कागद शेवटपर्यंत वाचूनच त्रुटी काढायच्या, एकाच पत्रात कळवायच्या, खाली सही आणि तारीख. दुसऱ्यांदा त्रुटी काढायची झाली तर वरिष्ठाच्या लेखी मान्यतेनेच, आणि पहिल्या वेळी ती का दिसली नाही हे लिहून. एवढ्या एका अटीने फेरे कमी होतील, अशी माझी खात्री आहे. ह्याला नवा कायदा लागत नाही, कार्यालय प्रमुखाचा एक परिपत्रकी आदेश पुरतो.

तिसरे, बैठकीत विचारायचा आकडा बदला. 'किती निकाली' ह्याच्या जोडीला विचारा, पहिला अर्ज दिल्या तारखेपासून दाखला हातात पडेपर्यंत किती दिवस गेले आणि अर्ज किती वेळा परत गेला. दोन्ही तारखा संगणकात असतात. काढायच्या एवढेच.

चौथे, प्रशिक्षकाने तीन महिन्यांनी त्या टेबलाशी जावे. परीक्षा घेऊ नये, कोणताही एक अर्ज उचलून त्याचा प्रवास कागदावर मांडावा. आणि साहेबाला त्याच वर्गात शेजारी बसवावे, म्हणजे स्तर कमी करण्याचा निर्णय तिथेच होईल.

पाचवे, बदली. सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा धरला, तरी मध्येच टेबल बदलते, सिंहस्थाच्या कामाला माणूस उचलला जातो, आणि त्याने बसवलेली पद्धत त्याच्याबरोबर निघून जाते. म्हणून टेबल सोपवताना करायच्या प्रभार यादीत कपाटे आणि शिक्के यांच्याबरोबर सहा गठ्ठ्यांची स्थिती, प्रत्येक सेवेची तपासणी सूची आणि प्रतीक्षाधीन प्रकरणांच्या तारखा लिहून द्याव्यात, आणि त्यावर दोघांच्या सह्या असल्याशिवाय जाणाऱ्याला कार्यमुक्त करू नये.

प्रश्न असतील तर चिठ्ठीवर लिहून द्या, मागच्या रांगेपासून घेऊ.