केडगावची बादली

जय ख्रिस्त, श्रोतेहो.

घरगुती प्रार्थनेत पाच मिनिटांचा संदेश द्यायचा असेल, तर बायबलमधलं वचन एकच घ्या. एकच. सुरुवातीला सावकाश वाचा, मध्ये एकदा आणि शेवटी पुन्हा एकदा. लिहून काढलेले पाचशे शब्द पुरतात. दुसरं वचन घेतलंत की लोक पानं चाळू लागतात आणि पहिलं वचन हातून सुटतं.

आता केडगावला चला. दौंड तालुक्यातलं केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्तिसदन, निराधार बायका-मुलींचा आश्रम. 1905 च्या जानेवारीत बाईंनी आत्मिक जागृतीसाठी, म्हणजे मनं देवाकडे वळावीत म्हणून, रोज प्रार्थना करायला मुली मागितल्या. सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत त्या पाचशेच्या घरात गेल्या. रोज दोनदा प्रार्थना, सहा महिने. हे सहा महिने लक्षात ठेवा, कारण सांगणारे थेट जूनवर उडी मारतात.

29 जूनची पहाट, साडेतीनचा सुमार. एक मोठी मुलगी जागी झाली. शेजारच्या मुलीने पाहिलं, तर ती ज्वाळांनी वेढलेली! ही धावली, पलीकडून पाण्याची बादली उचलून आणली, ओतणार एवढ्यात दिसलं की अंगाला आग नाहीच. बादली तशीच राहिली. तासाभरात वाड्यातल्या बहुतेक तरुण मुली भोवती जमल्या. रडत होत्या, पापं कबूल करत होत्या. आणि ती मुलगी मध्ये बसून देवाने काय केलं ते सांगत होती, पश्चात्ताप करा म्हणत होती. व्यासपीठ नाही, ध्वनिक्षेपक नाही. आपल्याकडे वीस माणसांच्या खोलीतही मोठा स्पीकर लावतात. आधी तो बंद करा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावत होत्या, नेहमीच्या शांत आवाजात. मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि बाईंना बोलणं थांबवावं लागलं. बाई थांबल्या. संस्कृतच्या एवढ्या पंडिता, पण थांबल्या. याच बाईंनी पुढे हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणलं, कमी शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून. आपण मात्र अजून ‘पवित्रीकरण’ म्हणतो आणि अर्थ सांगायचा राहून जातो.

तेव्हा वचन एकच, आणि बोलून झालं की थांबायचं. पेटीवाल्याला आधीच सांगून ठेवा: आमेननंतर दोन मिनिटं सूर धरू नकोस. लगेच गाणं सुरू झालं, तर ज्याच्या मनात काही हललं होतं तोही टाळ्या वाजवू लागतो. कुणी रडलं तर माईक पुढे करू नका. चारचौघांत बोललेली कबुली दुसऱ्या दिवशी गावभर होते आणि तो माणूस मंडळीत यायचा थांबतो. पाळकांनी त्याला बाजूच्या खोलीत न्यावं, शेजारी बसावं आणि आधी ऐकून घ्यावं.