ओढ्याच्या दोन काठांवरचं एक गाव

म्योडलारॉइट हे नाव नीट म्हणायला मलाही दोन दिवस लागले, तेव्हा तुमची जीभ अडखळली तर मनाला लावून घेऊ नका. शेवटचा ‘रॉइट’ तेवढा लक्षात ठेवा. जर्मनीच्या त्या भागात ‘रॉइट’नं संपणारी गावं पुष्कळ आहेत. संगीतकार वाग्नरमुळे गाजलेलं बायरॉइटही त्यातलंच. रॉइट म्हणजे जंगल तोडून मोकळी केलेली जमीन. कुणीतरी झाडं पाडली, चार घरं उभी राहिली, गाव झालं. आजही वस्ती जेमतेम पन्नास माणसांची. गावात एक तळं आहे, कौलारू घरं आहेत, आजूबाजूला चढउतारावरची शेतं. आणि मधून वाहणारा टानबाख. याला नदी म्हणायचं धाडस मी करणार नाही. आपल्याकडे त्याला ओहोळ म्हणतील. धोतर न भिजवता ओलांडता येईल एवढाच.

या ओहोळाशेजारी काही जुने दगड उभे आहेत. गावात जाणारे लोक आधी जर्मनीच्या फाळणीच्या काळातली भिंत बघायला धावतात. मी म्हणेन, आधी दगड बघा. १८१० साली बव्हेरियाचं राज्य आणि रॉइस नावाचं छोटं संस्थान यांच्यामधली हद्द टानबाखवरून ठरली आणि तिच्या खुणा म्हणून हे दगड रोवले. एका अंगाला ‘के बी’ म्हणजे बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या अंगाला ‘एफ आर’ म्हणजे रॉइसचं संस्थान. हात फिरवला तर अक्षरं अजून बोटांना लागतात.

या हद्दीचा गावाला त्रास काय झाला? काहीच नाही. गावकरी दोन राज्यांचे, पण शाळा एकच, ती रॉइसच्या, म्हणजे आजच्या थुरिंगिया राज्याच्या, काठावर. गुत्ताही त्याच काठावर. प्रार्थनेला मात्र सगळे बव्हेरियातल्या त्योपेनच्या चर्चमध्ये जायचे. मुलं ओढा ओलांडून शाळेत, बाप ओढा ओलांडून बिअर प्यायला. राजे गेले, संस्थानं थुरिंगियात विलीन झाली, तरी हा क्रम चालूच राहिला.

मग १९४५ उजाडलं. युद्ध संपताना थुरिंगियात आधी अमेरिकन सैन्य पोचलं होतं, पण जुलैत ते मागं गेलं आणि रशियन आले. विजेत्यांनी जर्मनीची वाटणी करताना नव्या रेषा आखायचे कष्ट फारसे घेतले नाहीत. बहुतेक ठिकाणी जुन्या प्रांतांच्या हद्दी होत्या तशा उचलल्या. म्हणजे १८१० साली कुणा कारकुनानं सोयीसाठी धरलेला ओहोळ आता अमेरिकन आणि रशियन विभागांची सीमा झाला. १९४९ मध्ये दोन जर्मन देश झाले, तेव्हा म्योडलारॉइटचा बव्हेरियाकडचा काठ पश्चिम जर्मनीत आणि थुरिंगियाकडचा काठ पूर्व जर्मनीत गेला. तरीही सुरुवातीला परवाना दाखवून येजा चालायची.

खरा घाव १९५२ च्या मे महिन्यातला. पूर्व जर्मनीनं सबंध सीमेवर पाच किलोमीटरचा निर्बंधित पट्टा आखला, त्यात ५०० मीटरचा आणखी कडक पट्टा, आणि अगदी सीमेलगत दहा मीटर जमीन नांगरून, कुळवून भुसभुशीत ठेवायची. पेरायला नव्हे, पाऊल उमटावं म्हणून. शेतकऱ्यांच्या गावात जमिनीचा असा उपयोग! त्याच उन्हाळ्यात ‘विश्वासार्ह नाहीत’ असं ठरवून सीमेवरच्या आठ हजारांहून अधिक लोकांना घरातून उचलून दूर नेऊन टाकलं. थुरिंगियात त्या मोहिमेचं सरकारी टोपणनाव होतं ‘उंगेत्सीफर’. या शब्दाचा अर्थ उवा, ढेकूण, घुशी, अशी सगळी घाण. नाव ठेवणाऱ्याला लाज वाटली नाही, एवढंच म्हणतो.

म्योडलारॉइटमध्ये ओढ्याकाठी आधी माणसाच्या उंचीचं फळ्यांचं कुंपण आलं, मग काटेरी तारा, आणि १९६६ मध्ये सिमेंटची भिंत. ७०० मीटर लांब, साधारण साडेतीन मीटर उंच. अमेरिकन सैनिक गावाला ‘लिटल बर्लिन’ म्हणू लागले आणि ते नाव चिकटलं. मला ते फारसं पटत नाही. बर्लिन महानगर होतं, तिथं भिंतीपलीकडे अनोळखी माणसंही होती. इथं पलीकडे कोण खोकतोय तेही अलीकडच्याला कळत असणार.

आता एक बारीक गोष्ट सांगतो, मला सगळ्यात जास्त तीच लागली. पश्चिमेच्या काठावर सहलीच्या बसगाड्या यायच्या. लोक उंचवट्यावरून पलीकडची घरं, अंगणं बघायचे, फोटो काढायचे, हात हलवायचे. पूर्वेच्या काठावरच्या माणसाला उलटा हात हलवायला बंदी होती. कल्पना करा, तुम्ही अंगणात लाकडं फोडताय. पलीकडच्या काठावर उभी असलेली बाई तुमची आत्या आहे. ती हात करते. तुम्ही मान खाली घालून लाकूड फोडत राहता. टेहळणी बुरुजावरचा शिपाई बघतोय. एवढीच ती गोष्ट.

ही भिंत ओलांडून निसटण्यात एकालाच यश आलं. १९७३ साली त्यानं गाडी भिंतीपाशी नेली, शिडी लावली आणि पलीकडे उडी टाकली. १९८३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश इथं आले. अध्यक्ष केनेडींच्या बर्लिनमधल्या ‘मी बर्लिनकर आहे’ या वाक्याची आठवण ठेवून ते ‘मी म्योडलारॉइटकर आहे’ असं जर्मनमध्ये म्हणाल्याचं सांगतात. पाहुणे मोठे, पण भिंत होती तिथंच राहिली.

बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली हे आपल्याला पाठ आहे. म्योडलारॉइटला आणखी एक महिना थांबावं लागलं. ९ डिसेंबरला पायी जाण्यापुरती वाट मोकळी झाली. पुढच्या वर्षी १७ जूनला यंत्र लावून भिंत पाडली. तारीख उगाच निवडलेली नव्हती, १९५३ साली त्याच दिवशी पूर्व जर्मनीतले कामगार रस्त्यावर उतरले होते. भिंतीचा थोडा भाग आणि टेहळणी बुरूज जपून ठेवले. तिथं आता संग्रहालय आहे.

भाषण संपल्यावर हमखास विचारतात, मग आता गाव एक झालं ना? देश एक झाला. गाव अजून दोन राज्यांत आहे. एका काठाचा पिनकोड ९५१८३, दुसऱ्याचा ०७९२६. दूरध्वनीचे क्रमांक वेगळे, गाड्यांच्या पाट्या वेगळ्या, महापौर दोन. बव्हेरियाकडचा माणूस भेटला की ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतो, म्हणजे देवाच्या नावानं नमस्कार. थुरिंगियाकडचा साधं ‘गूटन टाग’ म्हणतो. हद्द हलवायची तर दोन्ही राज्यांनी करार करावा लागेल. घटनेत तशी सोय आहे. पस्तीस वर्षांत कुणी ते केलेलं नाही. १८१० चे दगड आहेत तिथंच आहेत, आणि ओढा ओलांडताना आता त्यांच्याकडे कुणी बघतही नाही.