वारा मागून येतो

[दृश्य: पहाट. हँगरचं पत्र्याचं दार करकरत सरकतं. बाहेर बर्फ.]

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला जानेवारी. पारा उणे ११. विमानाच्या नाकाडावर दोन जुन्या रजया पांघरलेल्या, आपल्याकडे गोधड्या असत्या, आणि आत रात्रभर चालू ठेवलेला छोटा हीटर. इंजिनाची सोय झाली. माणसांची अजून व्हायची आहे.

हे विमान घरी बांधलेलं. आरव्ही-८. दोन सीटं, एकामागे एक. ऑरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्टकडून पेट्यांमधून पत्रे, ते जोडायच्या रीव्हेट आणि नकाशे येतात, पुढचं सगळं आपल्या हातांनी. या घराण्यातली अकरा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. हे बांधणारे एक निवृत्त शिक्षक. यांना नऊ वर्षं लागली. विमान गॅरेजमध्ये, मोटार नऊ हिवाळे बाहेर.

[दृश्य: कॉकपिटच्या कडेला ‘एक्सपेरिमेंटल’ ही अक्षरं.]

अमेरिकेचा कायदा सांगतो, अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेखातर केलेलं असलं, की विमान या वर्गात बसतं. मग दुरुस्ती करायला कुणाच्या सहीची वाट बघावी लागत नाही. वर्षातून एकदा तपासणी होते, आणि ती करण्याचं प्रमाणपत्रही बांधणाऱ्यालाच मिळू शकतं. ज्याने रीव्हेट ठोकली, त्यालाच ती कुठे ढिली आहे हे ठाऊक असणार. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

[दृश्य: घुमटासारखी काच मागे सरकते. मागच्या सीटवर बाई, दोन टोप्या, मांडीवर ब्लँकेट.]

या काचेच्या घुमटाला कॅनॉपी म्हणतात. तीन रुळांवर सरकते. दोन बाजूंना, एक मागे मधोमध. काच म्हणजे ॲक्रिलिक. थंडीत भोक पाडायला गेलं तर तडकते, म्हणून बांधणारे कापाकापी उन्हाळ्यात करतात. यांनीही जुलैत केली. जुलैत सगळं कसं चपखल बसलं होतं.

आता हिशेब बघा. दीड मीटर लांब ॲक्रिलिक चाळीस अंशांच्या फरकाने आकसतं, ते शेजारच्या ॲल्युमिनियमपेक्षा तीनेक मिलिमीटर जास्त. जुलैतलं चपखल जानेवारीत फट होतं. आणि विमान तासाला तीनशे किलोमीटरच्या आसपास जातं.

[दृश्य: पुढच्या काचेच्या कमानीवर फोमच्या पट्ट्या. तीन रंगांच्या, एकावर एक.]

या पट्ट्या दोन हिवाळ्यांच्या. पहिली काळी, मग राखाडी, मग ही जाड पांढरी. वारा समोरून येतो म्हणून समोरची फट बुजवली. समोरची फट बंद झाली, थंडी आहे तिथेच.

[दृश्य: आकाशात. कॉकपिटभर सेलोटेपने चिकटवलेले लाल लोकरीचे दोरे. सगळे पुढे वळलेले.]

हे नीट बघा. दोऱ्यांची टोकं पायलटच्या दिशेने आहेत. हवा मागून पुढे वाहतेय. शेपटीकडून मानेवर.

घुमटावरून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो. त्यामुळे कॅनॉपीच्या कडा आतली हवा बाहेर ओढतात. चुलीवरच्या धुराड्यासारखं. वरून ओढ लागली की दाराखालच्या फटीतून वारा आत शिरतोच. इथे दाराखालची फट म्हणजे शेपटी. रडरच्या, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूच्या, तारा बाहेर पडतात ती भोकं, एलेव्हेटरचा, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या आडव्या पट्टीचा, दांडा जातो ती जागा, सामानाच्या कप्प्यामागची आडभिंत. शेपटी म्हणजे उणे तापमानाची लांबच लांब नळी, आणि तिचं तोंड मागच्या सीटच्या पाठीशी.

[दृश्य: हँगरमध्ये. पाला उडवायचा पंप कॉकपिटमध्ये हवा भरतोय. ब्रशने साबणाचं पाणी.]

फटी शोधायची पद्धत सायकलच्या पंक्चरवाल्याची. आत हवा भरायची, बाहेरून साबणाचं पाणी फिरवायचं. बुडबुडे जिथे, तिथे खडूने फुली. या आडभिंतीवर फुल्या इतक्या झाल्या की शेवटी त्यांनी मोजणं सोडून दिलं.

[दृश्य: शिवणयंत्र. जुना रेनकोट.]

एलेव्हेटरच्या दांड्याभोवतीचं हे कापडी वेष्टण, याला बूट म्हणतात. जुन्या रेनकोटचं. शिवणयंत्र चालवताहेत त्या मागच्या सीटवरच्या बाई, कारण गारठा त्यांच्या वाट्याचा. दांडा पुढेमागे होताना कापड ताणलं जाता कामा नये, अडकता तर अजिबात नये, म्हणून मध्ये सैल घोळ. पायलटच्या हातातली स्टिक पूर्ण पुढे, पूर्ण मागे, वीस वेळा. प्रत्येक वेळी त्या टॉर्च धरून वाकतात.

[दृश्य: कॅनॉपीच्या कडेचा क्लोजअप.]

आता फटी बुजवायचं सिलिकॉन. कॅनॉपीच्या खालच्या झालरीला ‘स्कर्ट’ म्हणतात. तिच्या आतल्या बाजूला चिकटायला हवं, खालच्या पत्र्याला नको. म्हणून पत्र्यावर पारदर्शक पॅकिंग टेप, तिच्यावर मेणाचा हात. झालर अल्कोहोलने पुसायची. ॲक्रिलिकजवळ ॲसिटोन आणायचंच नाही, काच कायमची चिरते. सिलिकॉनही बघून घ्यायचं. व्हिनेगरचा वास येणारं धातूला खातं, बिनवासाचं घ्या.

मग सिलिकॉनच्या बंदुकीतून एकसारखी रेघ. हात थांबला तर गाठ येते, म्हणून ते श्वास धरतात. तुम्हाला ऐकू येतंय ते फक्त हीटरचं गुरगुरणं. कॅनॉपी हळूच पुढे, कुलूप, आणि झाकून ठेवायची.

आणि ही किटली. सिलिकॉन सुकत नाही, हवेतली वाफ पिऊन घट्ट होतं. हिवाळ्यातली इथली हवा कोरडी ठक्क, म्हणून कोपऱ्यात रात्रभर पाणी उकळतंय. त्याच किटलीचा चहा आम्हीही प्यालो.

एक सूचना, जाता जाता. ज्याचं विमान अजून रंगवायचं बाकी आहे, त्याच्या हँगरमध्ये सिलिकॉनची नळी उघडू नका. पत्र्यावर बोट लागलं तर तिथे रंग धरत नाही. मैत्री तुटते.

[दृश्य: दुसरा दिवस. कॅनॉपी उघडते. ब्लेडने कड छाटली जाते, सिलिकॉनची सालं खाली पडतात.]

टेप सोलली की सिलिकॉनवर पत्र्याचा हुबेहूब ठसा. रीव्हेटच्या डोक्यांसकट. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याच रबरी पट्टीला हे जमत नाही, कारण हाताने बांधलेली दोन विमानं कधीच सारखी नसतात.

कॅनॉपीची ओढ काही पूर्ण जात नाही, जायलाही नको. शेपटी बंद झाली की तीच ओढ पुढून गरम हवा खेचते. ती हवा येते एक्झॉस्टच्या पाइपाभोवतीच्या डब्यातून. त्या पाइपाला चीर गेली तर कार्बन मोनॉक्साइडही त्याच वाटेने केबिनमध्ये येईल. पॅनेलवर डिटेक्टर बसवलाय.

[दृश्य: उड्डाण. खाली गोठलेलं तळं, त्यावर मासेमारांच्या खोपट्या.]

जमिनीवर उणे नऊ. वर आणखी गार, दर हजार फुटांना साधारण दोन अंश.

[दृश्य: कॉकपिट. तेच लाल दोरे.]

पुढचा दोरा मागे वळलाय. मधला मागे. मागच्या सीटजवळचा थोडा थरथरतो, मग तोही मागे. उजव्या रुळाशी एक दोरा अजून पुढे बघतोय. तिथे शिट्टी वाजते, इंजिनाच्या आवाजातही ऐकू येते. त्यावर खडूची फुली आहे.

[दृश्य: मागच्या सीटवर मांडीवरचं ब्लँकेट घडी करून ठेवलेलं. हातमोजे त्यावर. निवेदन नाही.]