लिव्हरपूलहून ऑस्लोला काय गेलं?

पोलीस शिक्षणातले आंतरराष्ट्रीय विद्यापीठ करार म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, तर दोन झेंडे, दोन सह्या, शाल-श्रीफळ, फोटो आणि नंतर आठ दिवसांचा दौरा. मी पण गेलोय अशा एका दौऱ्यावर, कंट्रोल रूम बघितली, गाड्या बघितल्या, आणि परत आल्यावर वर्गात शिकवताना एक वाक्य बदललं नाही माझं, त्याची खंत अजून आहे. म्हणून आज करारांबद्दल कमी बोलतो, एका माणसाबद्दल आणि त्याने शिकून नेलेल्या चौकशीच्या पद्धतीबद्दल जास्त.

१९९५ मध्ये नॉर्वेत कार्मोय बेटावर एका १७ वर्षांच्या मुलीचा खून झाला. दोन वर्षांनी पोलिसांनी तिच्या नात्यातल्याच एका तरुण मुलाला पकडलं, एकटं कोठडीत ठेवलं, तासन्‌तास चौकशी केली, आणि काय घडलं असेल ते सिनेमाच्या स्क्रिप्टसारखं लिहून काढ म्हणाले. त्याने लिहिलं, कबूल केलं, कोर्टाने दोषी ठरवलं आणि १९९८ च्या अपिलात तो सुटला. लंडनमध्ये शिकवणारे गिस्ली गुडयॉन्सन हे मूळचे आइसलंडचे मानसशास्त्रज्ञ तिथे साक्षीला आले होते, असा कबुलीजबाब भरवशाचा नसतो हे त्यांनी कोर्टाला समजावलं.

त्याच काळात ऑस्लोचा एक पोलीस, आस्ब्यॉर्न राकलेव, लिव्हरपूल विद्यापीठात तपासाचं मानसशास्त्र शिकायला गेला. इंग्लंडमध्ये तेव्हा काय चाललं होतं बघा. बॉम्बस्फोटाच्या खटल्यात चुकीने दोषी ठरलेले सहा जण, 'बर्मिंगहॅम सिक्स', १६ वर्षं तुरुंगात काढून १९९१ मध्ये निर्दोष सुटले होते, पोलिसांची पार अब्रू गेली होती, आणि त्यातून १९९२-९३ मध्ये 'पीस' नावाची चौकशीची पद्धत आली. तयारी करून जायचं, समोरच्याला नीट समजावून सांगायचं, मग त्याला अखंड बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही, आणि पुरावा हातात असला तरी तो पहिल्याच मिनिटाला तोंडावर फेकायचा नाही. कबुली काढायची नाही, माहिती मिळवायची.

राकलेव परत गेला आणि, हे महत्त्वाचं, त्याला शिकवायला लावलं. इंग्रजी कोर्स जसाच्या तसा उचलला नाही, २००२ च्या सुमारास नॉर्वेजियन पोलिसांसाठी 'क्रिएटिव्ह' नावाने नवा बांधला. पुढे २००९ मध्ये त्याने ऑस्लो विद्यापीठातून डॉक्टरेट केली, आणि तिथल्या मानवी हक्क केंद्रामार्फत हेच प्रशिक्षण इंडोनेशिया, व्हिएतनामपर्यंत पोचलं. एक माणूस दीर्घकाळ शिकतो आणि परत आल्यावर त्याच्या हातात खडू दिला जातो, याला मी एक्स्चेंज म्हणतो.

आता आपल्याकडे. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही हे आपला कायदा १८७२ पासून सांगतोय, तेव्हा कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात २३ आहे. तरी सगळा जीव कबुलीत, कारण त्यातून निवेदन पंचनामा होतो, म्हणजे आरोपी पंचांसमोर सांगतो ते लिहून घेतात, मग तो हत्यार काढून देतो, केस उभी राहते. ही सवय लेक्चर देऊन जाणार नाही, दुसऱ्या पद्धतीने केस उभी राहते हे डोळ्यांनी बघितलेला हवालदारच ती मोडू शकेल, आणि आपण परदेशी पाठवतो कोणाला, तर वरच्या अधिकाऱ्यांना. चौकशीच्या खोलीत प्रत्यक्ष बसतो तो मागेच राहतो.

आणि हे एकतर्फी घेणं आहे असंही समजू नका. बोटांच्या ठशांचं वर्गीकरण कलकत्त्याला अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्याच पोलिसांच्या मेहनतीतून तयार झालं, १८९७ मध्ये तिथे ब्युरो निघाला आणि १९०१ मध्ये तीच पद्धत स्कॉटलंड यार्डात गेली, नाव मात्र त्यांच्या इंग्रज साहेबाचं, हेन्री पद्धत.

वर्गात मी मुलांना एक प्रयोग करायला लावतो. 'पीस'मधला पहिला प्रश्न मराठीत करा म्हणतो. इंग्रजीत 'यू' म्हटलं की झालं. आपल्याकडे पहिल्याच शब्दाला अडतं, 'तू सांग' की 'तुम्ही सांगा'? चौकीत 'तू'च येतं, समोर साठीतला माणूस असला तरी. मागच्या वर्षी भरतीची तयारी करणारी एक मुलगी आरोपी झालेल्या मित्राला म्हणाली, "बसा. पाणी घ्या. सकाळपासून काय काय झालं ते तुमच्या पद्धतीने सांगा, मी मध्ये बोलणार नाही." आणि खरंच बोलली नाही, चार मिनिटं नुसती ऐकत राहिली. शेवटी आरोपी झालेला मुलगाच म्हणाला, सर, ठरवलं नव्हतं तेसुद्धा सांगून बसलो मी.