मोल्सवर्थ नावाची वाडी

मंडळी, पत्रिकेत छापलंय की आजचं व्याख्यान मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशावर आहे. मी बोलणार आहे कोशाच्या पाठीवर छापलेल्या नावावर. कोशात काय आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. निदान तुमच्यातल्या पहिल्या रांगेतल्या मंडळींना तरी.

आमच्या घरी १९७५ साली पुण्याला शुभदा-सारस्वतने काढलेली प्रत होती. तिची पाठ उसवली होती आणि ती खाकी कागदाने चिकटवलेली होती. वडील म्हणायचे, "मोल्सवर्थ आण रे जरा." कोश आण असं नाही, मोल्सवर्थ आण. त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं की हे वस्तूचंच नाव आहे, जसं पाटा, अडकित्ता, तसा मोल्सवर्थ. हा माणूस होता हे पुढे शाळेत कळलं. आणि माणसाच्या आधी ते एक गाव होतं, हे कळायला केस पांढरे व्हावे लागले.

इंग्लंडच्या पूर्व भागात, हंटिंग्डन शहराच्या पश्चिमेला, मोल्सवर्थ नावाचं एक लहानसं खेडं आहे. पूर्वी हंटिंग्डनशायरमध्ये होतं, १९७४ पासून केंब्रिजशायरमध्ये मोडतं. नॉर्मन राजा विल्यमने १०८६ मध्ये आपल्या नव्या राज्याची मोजदाद करून घेतली. कुणाची किती जमीन, किती नांगर, सगळं लिहून काढलं. त्या डोम्सडे बुकात हे गाव 'मोलेसवर्डे' असं सापडतं. म्हणजे नऊशेहून जास्त वर्षं नाव जवळजवळ तेच राहिलं आहे.

आता नाव फोडून बघू. शेवटचं 'वर्थ' आधी घेऊ, कारण ते सोपं आहे. किंमत, लायकी वगैरे अर्थाचा जो इंग्रजी शब्द आपण शाळेत शिकलो, तो हा नव्हे. जुन्या इंग्रजीत 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली जागा, चार घरांचं आवार. आपल्याकडे एकच शब्द आहे त्याला: वाडी. आपला वाडा, वाडी, वाड हे शब्द ज्या संस्कृत 'वाट' शब्दापर्यंत जातात, त्याचाही अर्थ कुंपण घातलेली जागाच. रस्ता या अर्थाची वाट निराळी बरं का. दोन्ही शब्द 'व'ने सुरू होतात म्हणून कुणी लगेच नातं जुळवायला जाऊ नका. शब्द वेगळे, पण काम एकच.

हे 'वर्थ' एकदा ओळखता आलं की सगळीकडे दिसायला लागतं. वर्ड्‌सवर्थ घ्या, बटरवर्थ घ्या. पावसाने सामना थांबला की आपण ज्याच्या नावाने बोटं मोडतो तो डकवर्थ. आणि १९७१! ओव्हलवर आपण इंग्लंडला चार विकेटांनी हरवलं, तेव्हा नाणेफेकीला दोन कप्तान समोरासमोर उभे होते, रे इलिंगवर्थ आणि अजित वाडेकर. इलिंगवर्थ हे यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सजवळच्या एका वस्तीचं नाव. आणि वाडेकर तर वाडेकरच. त्या दिवशी खरं म्हणजे दोन वाड्यांचाच सामना झाला, आणि आपली वाडी जिंकली.

पुढचा भाग 'मोल्स'. इंग्रजी मुलांना वाटतं, हा जमीन उकरणारा मोल नावाचा प्राणी. मराठी मुलांना वाटतं, अनमोल मधला मोल. दोघंही चुकले. हे एका माणसाचं नाव आहे, मूल. म्हणजे 'मूल याची वाडी'. सावंतवाडी, भोसलेवाडी म्हणतो तशातलाच प्रकार. हा मूल कोण होता हे कुठेच लिहिलेलं नाही. त्याने कुंपण घातलं, एवढीच त्याची कीर्ती.

पण हे नाव विचित्र आहे. जुन्या इंग्रजीत मूल म्हणजे खेचर. पोटच्या पोराला खेचर कोण म्हणेल? अभ्यासकांचा तर्क असा की हे मुळात चिडवायचं नाव असावं, ज्याचे आईबाप दोन वेगळ्या जमातींचे त्याला दिलेलं. या नावाचा एक माणूस इतिहासात चांगलाच ठळक आहे. दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याचा राजा कॅडवाला, त्याचा भाऊ मूल. राजघराणं सॅक्सन, पण कॅडवाला हे नाव मात्र ब्रिटन लोकांचं, म्हणजे ज्यांच्या जमिनी सॅक्सनांनी घेतल्या त्यांच्या भाषेतलं. तेव्हा आई त्या बाजूची असावी असा अंदाज करतात. या मूलला ६८७ मध्ये केंटच्या लोकांनी बारा जणांसह जिवंत जाळलं. सात वर्षांनी, ६९४ मध्ये, वेसेक्सच्या पुढच्या राजाने, इनीने, केंटकडून त्याची भरपाई वसूल केली. आपल्या वाडीवाल्या मूलचा या राजपुत्राशी संबंध नाही. फक्त एवढंच, की असं नाव लावून माणसं ताठ मानेने जगत होती.

आता गाव झालं. पण गावाचं आडनाव कसं होतं? इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण हा मुद्दा आपल्याला इंग्रजांपेक्षा लवकर कळतो.

इंग्लंडमध्ये आडनावं रुजली ती १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर, हळूहळू, तीनशे-साडेतीनशे वर्षं लागून. काही धंद्यावरून पडली, स्मिथ म्हणजे लोहार. काही बापाच्या नावावरून, जॉनचा तो जॉन्सन. काही रंगरूपावरून. आणि पुष्कळशी गावावरून. पण मला सांगा, कोल्हापूरकर आडनावाचे लोक तुम्हाला कुठे भेटतात? पुण्यात भेटतात, मुंबईत भेटतात. खुद्द कोल्हापुरात सगळेच कोल्हापूरकर, तिथे ते सांगून कोण ओळखणार? गावचं नाव माणसाला चिकटतं ते त्याने गाव सोडल्यावर. वेशीच्या आत असेपर्यंत तुम्ही नुसते म्हादू किंवा वॉल्टर.

वॉल्टर उगाच नाही म्हटलं. या घराण्याचा जुना पुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात तो सर वॉल्टर डी मोल्सवर्थ. सरदार घराण्यांच्या पोथ्या सांगतात की पुढे पहिला एडवर्ड झालेल्या राजपुत्राबरोबर तो १२७० मध्ये धर्मयुद्धाला पवित्र भूमीत गेला. घराण्यांच्या पोथ्यांवर किती विश्वास ठेवायचा हे बखरी वाचणाऱ्यांना मी सांगायला नको. माझं लक्ष त्यातल्या 'डी' या अक्षराकडे आहे. हा फ्रेंच 'डी' म्हणजे आपला 'कर'. वॉल्टर डी मोल्सवर्थ म्हणजे वॉल्टरराव मूलवाडकर. पुढे इंग्रजांनी तो 'डी' गाळून टाकला आणि नुसतं गाव उरलं. आपला 'कर' मात्र घट्ट चिकटून राहिला.

मग हे आडनाव इतकं विरळ का? कारण अगदी साधं आहे. नॉर्टन, सटन, न्यूटन नावाची गावं इंग्लंडभर आहेत. उत्तरेकडची वस्ती, दक्षिणेकडची वस्ती, नवी वस्ती. आपल्याकडे वडगाव आणि पिंपळगाव मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल, तसंच ते. त्यामुळे दोन न्यूटन भेटले म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत. मूलची वाडी मात्र एकच. चेशायरमध्ये मोल्ड्‌सवर्थ नावाचं एक गाव आहे, कानाला सारखंच लागणारं. पण त्याचा अर्थ टेकडीच्या माथ्याशी जाणारा, तिथे मूल नाही. काही मोल्सवर्थ तिकडचेही असू शकतील, कारण त्या काळी स्पेलिंग म्हणजे लिहिणाऱ्या पाद्र्याची मर्जी. म्हणजे उगमस्थानं फार तर दोन, दोन्ही खेडी. त्यात १३४८-४९ ची प्लेगची साथ, त्यात मुलीच मुली झालेली घरं. विरळ आडनाव दर पिढीत मरायला टेकलेलं असतं.

अशा आडनावांची रक्ताची तपासणीही झाली आहे. आडनाव बापाकडून येतं आणि वाय गुणसूत्रही बापाकडून येतं, तेव्हा दोन्हींची सांगड घालता येते. लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांच्या पुरुषांचे नमुने तपासून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. स्मिथसारख्या आडनावांत काहीच मेळ लागेना. विरळ आडनावांत मात्र माणसं एका मूळ पुरुषाकडे जाताना दिसली. अ‍ॅटनबरो आडनावाच्या पुरुषांत तर ८७ टक्के एकाच गटातले निघाले. अ‍ॅटनबरो हेही नॉटिंगहॅमशायरमधल्या एका खेड्याचंच नाव.

आपण मोल्सवर्थांकडे परत येऊ. वाडीतून बाहेर पडलेले लोक कुठे कुठे गेले? पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात एक जॉन मोल्सवर्थ कॉर्नवॉलला गेला, डची ऑफ कॉर्नवॉलच्या जमिनींचा कारभार बघायला. म्हणजे कारकुनीला गेला आणि जमीनदार झाला, ही कथा आपल्याला नवी नाही. पेनकॅरो नावाच्या जागी घराणं स्थिरावलं. त्यातला एक, हेंडर मोल्सवर्थ, जमैकाचा प्रभारी गव्हर्नर झाला आणि १६८९ मध्ये बॅरोनेट, म्हणजे पिढीजात 'सर'. त्याच शाखेतले सर विल्यम मोल्सवर्थ, जन्म १८१०. यांनी तत्त्वज्ञ टॉमस हॉब्जचं समग्र लेखन सोळा खंडांत संपादित केलं. कैद्यांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्याच्या पद्धतीची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचे ते अध्यक्ष होते. १८५५ मध्ये वसाहतमंत्री झाले आणि त्याच वर्षी वारले.

पण लोकांच्या लक्षात राहिलंय ते निराळंच. सर विल्यमना झाडांचा फार नाद. चिलीहून आलेलं एक अजब झाड त्यांनी पेनकॅरोच्या बागेत लावलं. फांदीन्‌ फांदी टोकदार, खवल्यांसारख्या पानांनी गच्च भरलेली, हात लावायची सोय नाही. एक पाहुणा ते बघून म्हणाला, यावर चढायचं म्हटलं तर माकडालाही कोडं पडेल. झाडाला तेव्हा इंग्रजीत धड नाव नव्हतं. आज सगळं जग त्याला मंकी पझल म्हणतं. पाहुणा म्हणजे चार्ल्स ऑस्टिन नावाचा बॅरिस्टर, असं सांगतात. त्याचं नाव मागे पडलं, यजमानाचं आडनाव मात्र गोष्टीला चिकटून राहिलं.

दुसरी शाखा आयर्लंडला गेली. डब्लिनच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा रॉबर्ट मोल्सवर्थ, जन्म १६५६. तो डेन्मार्कला राजदूत म्हणून गेला आणि परत येऊन त्या देशातल्या अनियंत्रित राजसत्तेवर असं खरमरीत पुस्तक लिहिलं की युरोपभर गाजलं. १७१६ मध्ये व्हायकाउंट, म्हणजे उमराव झाला. त्याचा मुलगा रिचर्ड १७०६ च्या रामिलीच्या लढाईत होता. इंग्रज सेनापती मार्लबरो घोड्यावरून पडला, तेव्हा या पोराने स्वतःचा घोडा त्याच्या पुढे केला आणि त्याचा जीव वाचवला. पुढे रिचर्ड फील्ड मार्शल झाला. डब्लिनमध्ये संसदेच्या इमारतीसमोर आजही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे.

आणि मूळ गाव? ते आठ-नऊशे वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या धावपट्टीवरून अमेरिकन बॉम्बर उडाले. मग १९८० मध्ये सरकारने जाहीर केलं की अण्वस्त्रं वाहणारी क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायच्या दोन तळांपैकी एक तळ इथे. शांततावादी येऊन तंबू ठोकून बसले. फेब्रुवारी १९८५ मध्ये, रात्रीच्या अंधारात, सुमारे दीड हजार सैनिक आणून जागा रिकामी केली आणि तळाभोवती तारेचं कुंपण घातलं. संरक्षणमंत्री मायकेल हेसेल्टाइन लष्करी नक्षीचं जाकीट घालून जातीने हजर, त्यावरून पुढे त्यांची भरपूर टर उडाली. मला त्या बातमीत गंमत वाटते ती कुंपणाची. मूलने घातलं होतं, तिथेच परत घातलं.

आता तिसरी वाट, आपल्याकडची. जेम्स टॉमस मोल्सवर्थ, जन्म १७९५, कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. जॉर्ज आणि टॉमस कँडी या जुळ्या भावांच्या आणि कितीतरी शास्त्र्यांच्या मदतीने १८३१ मध्ये कोश काढला. १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती, सुमारे साठ हजार शब्दांची. ते साल बघा, आणि त्या सालात हा माणूस मराठी शब्दांची प्रुफं तपासत बसलाय.

आपल्या लोकांच्या जिभेला मोल्सवर्थ काही पेलेना. इंग्रजांची तक्रार करायला जागा नाही, ते स्वतः चोल्मोंडेली लिहितात आणि चमली म्हणतात. आपण 'वर्थ' गिळून टाकलं आणि साहेबाला मोलेसर केलं. पुढे शास्त्रीही जोडलं. मोलेसरशास्त्री! शतकानुशतकं गावावरून चालत आलेलं आडनाव इथे येऊन धंद्यावर गेलं.

आमच्या गावच्या ग्रंथालयात लाकडी खणांत कार्डं असत. तिथे हा कोश तीन ठिकाणी सापडायचा. मोल्सवर्थ, मोलेसवर्थ, मोलस्वर्थ. प्रत एकच, कार्डं तीन. मी ग्रंथपालांना म्हटलं, काका, दोन काढून टाका. ते म्हणाले, "राहू दे. मागणारा कुठल्या नावाने मागेल सांगता येत नाही."

त्या ग्रंथालयातच मी एकदा त्या कोशात 'वाडी' शब्द काढून बघितला. तुम्हीही घरी गेल्यावर बघा. पहिला अर्थ दिलाय, कुंपण घालून बंदिस्त केलेली शेताची किंवा बागेची जमीन. दुसरा, शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका. आणि मग कोकणातलं गाव कसं विखुरलेल्या वाड्यांचं असतं, हे तो सविस्तर समजावून सांगतो. 'एन्क्लोजर' हा शब्द त्याने स्वतःच्या हाताने तिथे लिहिलाय. ते करताना त्याला आपलं आडनाव आठवलं असेल का, हे मला त्याला विचारायला फार आवडलं असतं.