एकवीसातले पाच

श्रोतेहो, नमस्कार. वाळवा तालुक्यात बत्तीस वर्षं मी प्राथमिक शिक्षक होतो. दिवाळी सरली की शाळेमागच्या माळावर ऊसतोड्यांच्या खोपी पडायच्या. पैशानं मोठा महाराष्ट्र गरिबीच्या मोजणीत मागे का, म्हणजे राज्यांच्या क्रमवारीबद्दल आज बोलायचंय, पण सुरुवात त्यातल्याच एका खोपीपासून करतो. कारण क्रमवारी म्हणजे काय ते मला तिथं समजलं.

बांबूच्या कामट्या वाकवून वर ताडपत्री टाकलेली, आत मातीची जमीन. दाराशी तीन दगडांची चूल, जळण पाचटाचं. वीज नाही, संडास नाही. पाणी ओढ्याकाठच्या उघड्या विहिरीचं. आईबाप पहाटेच कोयता घेऊन फडात गेलेले. खोपीत अकरा वर्षांची मुलगी आणि तिच्या काखेत वर्षाचा भाऊ. माणसं जतकडची. गावच्या शाळेत पोरीचं नाव पाचवीच्या पटावर होतं. इथं कुठंच नव्हतं. शाळेत चल म्हटलं, तर म्हणाली, "गुर्जी, बाळाला कोन बगंल?"

आता केंद्र सरकारचा नीती आयोग बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक, म्हणजे गरिबीचं अनेक अंगांनी केलेलं मोजमाप, काढतो, त्याची पद्धत सांगतो. मिळकत किती, असं त्यात विचारत नाहीत. पोषण, बालमृत्यू, बाळंतपणातली देखभाल, शिक्षणाची वर्षं, मुलांची शाळेतली हजेरी, जळण, संडास, पिण्याचं पाणी, वीज, घर, घरातल्या वस्तू आणि बँकेतलं खातं, अशा बारा गोष्टी पाहतात. वस्तूंच्या यादीत रेडिओ आहे, बैलगाडीसुद्धा आहे. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांना सारखंच वजन. उणिवांची बेरीज एकतृतीयांश किंवा त्याहून जास्त भरली, की ते घर गरीब धरायचं.

ती खोप हेच त्यांचं घर धरून मी एकदा हिशेब मांडला. राहणीमानातल्या सात गोष्टींना प्रत्येकी एकवीसावा भाग. जळण, संडास, पाणी, वीज, घर या पाचही नाहीत, म्हणजे एकवीसातले पाच. चोवीस टक्केसुद्धा भरत नाहीत! रेषा तेहतीसच्या वर आहे. बाकी सगळं ठीक धरलं, तर ही खोप गरिबीत मोजलीच जात नाही. पण पोर शाळेबाहेर आहे, तिच्या हजेरीला एकषष्ठांश वजन आहे. ते मिळवलं की बेरीज चाळीसवर जाते.

या आकड्यानं मी रात्रभर जागा होतो. पोर शाळेत बसली की एक कुटुंब कागदावर गरिबीतून सुटतं, आणि चूल तीन दगडांचीच राहते. म्हणून क्रमांक सुधारल्याचं वाचलं की मला बरं वाटतं, पण पुरतं समाधान होत नाही.

आता राज्याकडे या. अर्थव्यवस्थेच्या आकारात महाराष्ट्र देशात पहिला. या निर्देशांकात मात्र 2019-21 च्या पाहणीनुसार आपल्याकडे 7.81 टक्के लोक गरीब, तमिळनाडूत 2.20, केरळात 0.55. आपण 2015-16 मध्ये 14.80 वर होतो, तिथून जवळजवळ निम्म्यावर आलो, हे काम लहान नाही. पण एवढा पैसा असून आपण मागे का?

पैशाची सरासरी फसवी असते. दहा घरांतल्या एका घरात कोटभर रुपये आले, की दहाही घरांचं दरडोई उत्पन्न कागदावर वाढतं. आयुष्याचं तसं होत नाही. श्रीमंत माणूस काही दोनशे वर्षं जगत नाही आणि त्याचा मुलगा चाळीस वर्षं शाळेत बसत नाही. गरिबाघरचं तान्हं मूल दगावलं, की ती घट कुणाच्याही श्रीमंतीनं भरून येत नाही. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी 1990 मध्ये मानव विकास निर्देशांक मांडला, त्यात उत्पन्नाशेजारी आयुर्मान आणि शिक्षण ठेवलं. तिथं गरिबी तेवढी लपत नाही. शिवाय एकच गरीब घर अनेक रकान्यांत उणे पडतं. आईच्या अंगात रक्त कमी, म्हणून बाळ कमी वजनाचं. ते सारखं आजारी, म्हणून थोरलीची शाळा बुडते. शाळा बुडाली, म्हणून तिच्याही हातात पुढं कोयताच येतो.

आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांतही हेच आहे. कृष्णाकाठचा ऊस आणि कऱ्हाड-इस्लामपूरची बाजारपेठ सरासरी वर नेतात, आणि दुष्काळी जत-आटपाडी, माण-खटाव त्या सरासरीच्या पोटात दडून जातात. म्हैसाळ आणि टेंभू उपसा योजनांचं पाणी जिथं पोहोचलं तिथं माणसं शिवारात थांबायला लागली. जिथं नाही, तिथं ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. 1924 साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह सुरू केलं. पोरांच्या पोटाला घालायला लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. गरिबाच्या मुलाला शाळेआधी राहायला जागा आणि भाकरी लागते, हे त्या दोघांना कळलं होतं. ऊसतोड्यांच्या मुलांना हंगामात गावीच ठेवून घेणाऱ्या वसतिगृहांची गरज आजही तीच आहे.

त्या पोरीचं पुढं काय झालं ते सांगतो. जवळच्या एका शाळेनं दाखला नाही म्हणून तिला परत पाठवलं होतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही. मी तिला आमच्या वर्गात घेतलं, भावासकट. तो बस्करावर झोपायचा, ती भागाकार करायची. होळीला खोप उठली.

येत्या हंगामात तुमच्या उसाला टोळी येईल, तेव्हा खोपीत किती मुलं आहेत ते विचारा. नावं कागदावर लिहा आणि गावच्या गुरुजींच्या हातात द्या.